प्रति: डूला म्हणजे श्रीमंतांचे चोचले?
'डूला हे श्रीमंतांचे चोचले, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मातांचा खरा प्रश्न गरिबीचा' असं वर म्हटलंय (डूला म्हणजे बाळंतपणात आईच्या सोबतीला राहून तिला धीर देणारी बाई). अर्धंच पटलं. २०२३ साली तिथे लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या बायकांतही ही दरी बुजत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला काय कमी होतं? २०१७ मध्ये बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळी झाल्याचा संशय तिला स्वतःलाच आला, तरी सीटी स्कॅनसाठी हट्ट धरावा लागला!

कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, त्यांना कमी दुखतं, असले समज २०१६ च्या एका अभ्यासात चक्क गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत आणि निवासी डॉक्टरांत सापडले. डूला तपासत नाही, औषधही देत नाही. पण आपल्यातलीच बाई उशाशी असली की 'दुखतंय, पुन्हा बघा' हे बाळंतिणीला ठणकावून सांगता येतं. (अमेरिकेच्या दक्षिण भागात पूर्वी कृष्णवर्णीय सुईणीच बाळंतपणं करायच्या; परवान्यांच्या नियमांनी विसाव्या शतकात त्यांना हटवलं.)

राहता राहिला खर्च. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातूनच डूलाचे पैसे मिळतात.