गरी की सायकल: तुमचं घर कुणी जास्त धुतलं?

आमच्या घरात नवरा गरवायला (गरी टाकून मासे धरायला) जातो आणि दीर सायकल हाणतो. परवा दोघांची खोकी एकाच दिवशी आली. एकात रीळ, एकात गिअर, आणि दोन्हींवर नाव एकच: शिमानो. शोधून पाहिलं. १९२१ साली सुरू झालेली जपानी कंपनी, आधी सायकलची फ्रीव्हील करायची, १९७० पासून मासेमारीचं सामानही करते. म्हणजे दोन भावांचे दोन पगार एकाच गल्ल्यात. सासूबाई म्हणाल्या, "त्या जपान्याला गणेशचवथीला जेवायलाच बोलवा."

तुमच्याकडे काय चाललंय? खर्च खरा लिहा, बायकोला सांगितलेला नको.

म्हापशाहून, गरीवाला

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार आपसूक उघडतं, खाजनातलं (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातलं) पाणी नदीत पडतं आणि तोंडावर चणक टपून असतो. (मुंबईकडचे त्याला जिताडा म्हणतात. म्हणोत.) पण सुकती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे माझं जेवणही सरकतं. सोमवारी दोन वाजता, गुरुवारी साडेचारला. घरचे आता पंचांग बघून भात लावतात. शिवाय मानशीवर मासळी धरायच्या हक्काचा लिलाव होतो. तो घेतलेला माणूस मला पाहिला की लांबूनच हात हलवतो. नमस्कारासाठी नव्हे.

हिशेब: दोन वर्षांत ३६ हजारांचं सामान, तीन चणक. रव्यात तळताना बायकोने भागाकार केला. बारा हजारांचा मासा, आठ तुकडे. "दीड हजाराचा एक तुकडा. पाहुण्यांना शेपटी वाढते."

मडगावहून, सायकलवाला

२०० किलोमीटरची ब्रेव्हे (लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांत संपवायची असते. शर्यत नाही, बक्षीस नाही, पहिला आलेल्याचं नावही कुणी घेत नाही. हे घरी समजावताना जेवढा दम लागला तेवढा चोरला घाटातही लागला नव्हता. ४५ हजारांची चाकं घेऊन सायकल ३०० ग्रॅमने हलकी केली. फोंड्याला पातळ भाजी, दोन पाव आणि मिरची भजी खाल्ली, वजन परत जागेवर.

बाबांचं दुःख वेगळं. ते पंधरा वर्षं सायकलने कामावर गेले, मग कर्ज काढून स्कूटर घेतली. म्हणतात, "सायकल सुटावी म्हणून मी राबलो आणि तू कर्ज काढून परत तिच्यावर बसलास."

वास्कोहून, दोघांचा मित्र

एक फरक कुणी लिहिला नाही. गरवणाऱ्याला थाप मारता येते. सुटलेला मासा दरवेळी हाताएवढाच असतो. सायकलवाल्याचं सगळं ॲपवर. आमचा एक जण घरी "पेडण्याला जातो" सांगून निघाला. नकाशात रेघ बागा बीचपर्यंत, आणि तिथे तीन तासांचा ठिपका. वहिनींनी त्याला लाइकसुद्धा दिलं.

पणजीहून, आई

पावसात बघा काय ते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बाजारात बांगड्याला हात लावायची सोय नाही. अशा वेळी जावई काठावर बसून दोन शेवटे मासे तरी आणतो. मुलगा काय करतो? हॉलमध्ये स्टँडवर सायकल लावतो, पंखा पाचवर, आणि जागच्या जागी ४० किलोमीटर. घाम मी पुसते. माझं मत जावयाला.

डिचोलीहून

माझा नवरा दोन्ही करतो. गरीची काठी दांडीला बांधून चोडणच्या फेरीबोटीत चढतो. सल्ला नको, पैसे पाठवा.

धागाकर्ती

ताजी खबर. दिराची पाठ धरली, डॉक्टरांनी सायकल महिनाभर बंद सांगितली. सासूबाई आणि मी जरा खूश होतो. काल खोकं आलं. "बसून करायचा छंद हवा होता गो वहिनी." आत रीळ. सासूबाईंनी चष्मा लावून खोक्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, चवथीला एक पान जास्त मांडा.