त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुताना चुरचुर वाढते
प्रश्न (चोपडा): कपाशी वेचताना धूळ जाऊन घरच्यांचे डोळे चुरचुरतात. बाजारचं त्रिफळा चूर्ण रात्री भिजवून, सकाळी गाळून धुतलं तर त्रास वाढतो. चुकतंय कुठे?

उत्तर (जळगाव): भाऊ, घोळ चूर्णातच आहे. बारीक कण फडक्यातून सुटतात आणि बुबुळावर घासतात. हिरडा, बेहडा, आवळा बिया काढून समभाग घ्या, जाडसर भरड करा. १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत उकळा. पातेलं स्टीलचं, लोखंडी कढईत हा काढा शाईसारखा काळा पडतो. उकळून घेतलेल्या चौपदरी सुती कापडातून दोनदा गाळा, निवू द्या, तळाचा गाळ सोडून वरचं निवळ तेवढंच घ्या. त्यात त्याच्याइतकंच उकळून निववलेलं पाणी मिसळा. रोज ताजा करा, उरलेला ओतून द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.

उत्तर (भुसावळ): मध, गुलाबपाणी घालायची हौस नको. लेन्स असेल तर आधी काढा.

उत्तर (धुळे): तुपाचं नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्याभोवती आळं करून त्यात कोमट तूप भरून ठेवणं, घरी नकोच. उडदाच्या पिठाचं आळं, तुपाची ऊब, वेळ, सगळं वैद्याने बघायचं. डोळा दुखतोय, चिकटतोय, उजेड सोसत नाही, तर काढा बंद, डॉक्टर गाठा. फवारणीचं औषध उडालं तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना. तिथे त्रिफळ्याचं काम नाही.