'पुनर्जनन' की 'पुनर्वाढ'?

प्रश्न: संवेदनेचे तुटलेले तंतू पुन्हा मज्जारज्जूत शिरू शकतात का, यावरच्या संशोधनाविषयी लिहितोय. 'संवेदनशील मज्जातंतूंचे पुनर्जनन' चालेल का?

प्रतिसाद: आधी 'संवेदनशील' काढा. संवेदनशील कवी असतो, फार तर मतदान केंद्र. तंतू नुसता निरोप वाहतो. 'संवेदी' किंवा 'संवेदनावाही' म्हणा. 'नस'ही नको. दबते तीही नस आणि रक्त काढताना सापडत नाही तीही नसच.

'पुनर्जनन' म्हटलं की शाळेतला प्लॅनेरिया आठवतो, तुकड्यातून अख्खा जीव. इथे पेशी बहुधा जिवंतच असते. तिचा मुख्य भाग रज्जूबाहेर, गँग्लियन नावाच्या गाठीत. एक फाटा कातडीकडे, दुसरा रज्जूकडे. तुटतो तो फाटा आणि वाढतो तोही फाटाच. म्हणून 'पुनर्वाढ'.

उपप्रतिसाद: संस्कृत उपसर्ग आणि मराठी नाम? 'फेरविचार'सारखं 'फेरवाढ' करा की.

उपप्रतिसाद: नको, घरभाडं वाढल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद: नामापेक्षा विभक्ती सांभाळा. कातडीकडचा तुटलेला फाटा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. रज्जूकडचाही मुळातून (म्हणजे गाठीपासून रज्जूपर्यंतच्या तंतूंच्या जुडग्यातून) वाढत येतो, पण रज्जूच्या तोंडाशी अडतो. तिथवर तंतूंना वेढून आधार देणाऱ्या श्वान पेशींची साथ असते (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान यांचं नाव आहे). पुढे ॲस्ट्रोसाइट या मेंदू आणि रज्जूतल्या आधारपेशींचा मुलूख लागतो आणि वाढ खुंटते. म्हणजे तंतू 'रज्जूपर्यंत' येतो, 'रज्जूत' जात नाही. सगळं संशोधन या दोन शब्दांमधल्या जागेवर चाललंय. २००० साली रॅमर, प्रीस्टली आणि मॅकमहॉन यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की वाढीला चालना देणारी काही प्रथिनं दिल्यावर प्रौढ उंदरांत हे तंतू रज्जूत शिरले आणि आतल्या पेशींशी जोडलेही गेले. तिथे 'रज्जूत' बिनधास्त लिहा.

आणखी एक. 'मणक्याला मार' असं सरसकट लिहू नका. मोटरसायकलच्या अपघातात खांदा हिसडला जाऊन हाताच्या नसांची मुळं रज्जूतून उपटली जातात, मणका मात्र शाबूत असू शकतो.

उपप्रतिसाद: 'हाताच्या नसांची'? वर नस नको ठरलं ना!

उपप्रतिसाद: बोलताना येतंच हो तोंडात.

प्रश्नकर्ता: 'संवेदी तंतूंची मज्जारज्जूत पुनर्वाढ' ठेवतो. 'मेरुरज्जू' जास्त बरोबर का?

प्रतिसाद: दोन्ही रूढ आहेत. एका लेखात एकच वापरा.