कुत्रा मारल्यावर बचाव कोणता?

‘शेळ्या वाचवायला कुत्रा मारणं हा मालमत्तेच्या बचावाचा हक्कच आहे’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तो हक्क चोरी, आगळीक (मालमत्तेचं मुद्दाम केलेलं नुकसान) अशा अपराधांविरुद्ध असतो आणि कुत्रा कायद्याच्या भाषेत अपराध करत नाही. शेतकऱ्याचा खरा आधार भारतीय न्याय संहितेचं कलम १९: गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने, दुसरं नुकसान टाळण्यासाठी केलेली कृती. कुत्रा कळपात शिरलेला असताना हाणलेली काठी त्यात बसू शकते. दुसऱ्या दिवशी रागाने टाकलेलं विष नाही. तिथे जनावर मारण्याबद्दलचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. इंग्लंडात १९७१च्या कायद्याने दिवाणी दाव्यांपुरता असा बचाव स्पष्ट लिहून दिलाय, मात्र ४८ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. आपल्याकडेही असं काही हवंच.

आणखी एक, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही. उमरेडकडे आमच्या शेजाऱ्यांच्या शेळ्या रात्री फाडल्या गेल्या. पंचनाम्यात गावकुत्र्यांचं काम निघालं आणि भरपाईचा विषयच संपला. बिबट्या, लांडगा, अगदी रानकुत्रा असता तरी वनविभागाकडून पैसे मिळाले असते. शेळीवर घर चालवणाऱ्या बाईने मग काय करायचं? कुत्रा पाळीव असेल आणि त्याच्यापासून माणसांनाही धोका असेल, तर निदान निष्काळजी मालकावर न्याय संहितेच्या कलम २९१ खाली तक्रार होऊ शकते. म्हणून मेलेलं जनावर पुरू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातून शवविच्छेदन करून घ्या, फोटो काढा. पुढे केस उभी राहिली तर हाच कागद कामी येतो.