'फाइव्ह ईझी पीसेस' घरी दाखवायचा आहे : सल्ला हवा

कर्वेनगरकर : आम्ही दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त, महिन्यातून एका रविवारी माझ्या घरी जमून एखादा जुना चित्रपट पाहतो. या वेळी बॉब रॅफेल्सन यांचा १९७० चा 'फाइव्ह ईझी पीसेस' निवडला आहे. संगीतकारांच्या घरातून बाहेर पडून तेलविहिरींवर मजुरी करणारा बॉबी (जॅक निकल्सन) आणि त्याच्यासोबत राहणारी, उपाहारगृहात काम करणारी रायेट (कॅरेन ब्लॅक) यांची ही कथा आहे. माझ्या टीव्हीचा आवाज पियानोसाठी फारच पातळ आहे, तेव्हा दोन हजार रुपयांच्या आत काही करता येईल का? शिवाय मराठी उपशीर्षके उपलब्ध नसल्यामुळे आधी कथासार वाटावे का?

पौडफाटा : दोन हजारांत काहीही होत नाही. मी गेल्या दिवाळीत साठ हजारांचा प्रोजेक्टर घेतला आणि भिंतीला खास रंग लावून घेतला. त्यानंतर टीव्हीकडे पाहवत नाही. कथासार मात्र वाटाच.

डेक्कनचा_जुना_प्रेक्षक : पी. के. नायर प्रमुख असतानाच्या काळात विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ज्यांनी परदेशी चित्रपट पाहिले, त्यांना दिवाणखान्यातले प्रदर्शन रुचणे कठीण आहे. लास्लो कोवाच यांचे छायाचित्रण, म्हणजे पूर्वार्धातले रखरखीत तेलक्षेत्र आणि उत्तरार्धातले वॉशिंग्टन राज्यातले ढगाळ बेट, मोठ्या पडद्यासाठीच आहे.

सुरेल : काका, प्रश्न आवाजाचा आहे, पडद्याचा नाही. कुणाच्या माळ्यावर स्वतःचा अँप्लिफायर असलेले जुने स्पीकर असतील, तर ते टीव्हीच्या हेडफोनच्या खाचेला जोडायला काही शे रुपयांची वायर पुरते. ते आधी करून पाहा, कारण एक प्रसंग पूर्णपणे आवाजावर उभा आहे. बॉबी भावाच्या वाग्दत्त वधूसाठी शोपँ या संगीतकाराचे ई मायनरमधील प्रेल्यूड, म्हणजे एक छोटी पियानोरचना, वाजवतो आणि कॅमेरा त्याला सोडून भिंतीवरच्या कौटुंबिक छायाचित्रांवरून फिरत राहतो. ती हेलावते, तो मात्र सांगतो की आपण सर्वांत सोपी रचना निवडली, आठव्या वर्षी ती याहून चांगली वाजवली होती आणि आता वाजवताना काहीच वाटले नाही. रायेट ऐकते ती टॅमी वायनेट या गायिकेची कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाची, गाणी. दोन्ही सारख्याच स्पष्टपणे ऐकू आली, तरच त्या दोघांमधले अंतर कळते.

सीडीवाला : तबकडी मागवणार असाल तर सावध राहा, एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालेलच असे नाही. अमेरिकेतून आणवलेली माझी ब्लू-रे तिकडच्या 'ए' विभागाची निघाली आणि 'सी' विभागाच्या आपल्या यंत्राने ती स्वीकारलीच नाही. एवढे पैसे घालवून ती आता कपाटात शोभेला आहे.

पौडफाटा : उपाहारगृहातला प्रसंग तरी मोठ्या पडद्यावरच पाहायला हवा. साधा टोस्ट मिळावा म्हणून बॉबी चिकन सॅलड सँडविच मागवतो आणि त्यातले चिकन काढून ठेवायला सांगतो! 'बदल करून मिळणार नाही' ही पाटी वाचत मोठे झालेल्या पुणेकरांच्या मनातलेच तो बोलतो.

डेक्कनचा_जुना_प्रेक्षक : त्याला टोस्ट मिळत नाही, हे आपण विसरलात. गाडीतली प्रवासी बाई कौतुक करते तेव्हा तो स्वतःच तसे म्हणतो. हा विजयाचा प्रसंग मुळीच नाही.

पेठेतली_वाचक : कथासार आवश्यक आहे. बॉबी गर्भवती रायेटला पेट्रोल पंपावर सोडून, अंगातला कोटही न घेता, उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून निघून जातो. आमच्या गटात हे अनपेक्षितपणे समोर आले आणि पुढचा तासभर 'असल्या माणसाचा चित्रपट दाखवलाच का' यावर गेला. त्याआधी बोलू न शकणाऱ्या वडिलांसमोर तो जे कबूल करतो, की तो काही शोधत फिरत नाही, थांबल्यावर सारे बिघडते म्हणून निघतो, तेवढे तरी लोकांच्या हाती आधी द्या.

सुरेल : ताईंशी सहमत आहे. वायरचेही विसरू नका.

कर्वेनगरकर : सर्वांचे आभार. कथासार वाटणार नाही, कारण शेवटी भांडण झाले तर ते मला हवेच आहे. फक्त त्याची सुरुवात रायेटच्या बाजूने करावी, एवढेच सुचवीन. आवाज टीव्हीचाच राहील. वाहतूक कोंडीत ट्रकवर चढून बॉबी पियानो वाजवतो, तेव्हा तोही भोंग्यांच्या गोंगाटातच वाजवत असतो. दोन हजारांत चहा आणि बटाटेवडे येतील.

डेक्कनचा_जुना_प्रेक्षक : मग विचारलेत कशाला?

पौडफाटा : माझा प्रोजेक्टर रविवारी मोकळा असतो. मात्र मी तो घराबाहेर नेऊ देत नाही.