उजनीत फिरायला जुनी मोटरबोट: दोन्हींपैकी कुठली घ्यावी? अनुभव सांगा

आम्ही सोलापूरचे. घरात आम्ही दोघं, दोन लेकरं आणि आई. सुट्टीला उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर फिरता यावं म्हणून जुनी बोट बघतोय. एक 14 फुटी, सपाट तळाची, 25 एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. दुसरी 16 फुटी, व्ही तळाची, 40 एचपीचं फोर-स्ट्रोक; ती बरीच महाग. दोन्ही फायबरच्या, दोन्हींना ट्रेलर आहे. ज्यांनी बोट चालवली किंवा दुरुस्त केली त्यांनी जरूर लिहा.

टेंभुर्णीहून
दादा, एचपी राहू द्या, आधी मागची फळी बघा, जिच्यावर इंजिन टांगतात ती. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतून कुजतं, वरून रंग चकाचक. मी एक बोट बघायला गेलो तेव्हा इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवला, तर फळीसुद्धा सोबत हलली. मग हातोडीच्या मुठीनं ठोकत गेलो. कडेला टणटण, मधे एकदम बद्द. सौदा तिथंच सोडला.
आणि मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या हात लावून बघा. गरम लागलं तर थंड असताना ते कसं सुरू होतं हे तुम्हाला कळणारच नाही.

करमाळ्याहून
21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा जणं गेली. त्या किनाऱ्यावरचा माणूस म्हणून कळकळीनं सांगतो, वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात जाऊच नका. उघड्या पाण्यावर वारं सुटलं की सपाट तळ दणादण आपटतो, पाणी आत येतं. व्ही तळ लाट कापत जातो. आई आणि लेकरं सोबत आहेत, मी डोळे झाकून 16 फुटी घेईन. लाईफ जॅकेट लेकरांच्या वजनाप्रमाणे वेगळी घ्या. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात लेकरांच्या डोक्यावरून निसटतं.

भिगवणहून
करमाळ्याच्या काकांचं वाऱ्याचं म्हणणं सोळा आणे खरं. पण आमच्या बाजूला पाणी उथळ. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर सपाट तळच कामाचा. उन्हाळ्यात धरण उणे झालं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं, की किनारा लांब जातो, ट्रेलरची चाकं गाळात रुततात, तिथं हलकी बोट बरी पडते. पाण्यात बुडालेल्या बाभळी आहेत, मासेमारीची जाळी आहेत. जाळं पंख्यात अडकलं तर इंजिन आधी बंद करा, मगच हात घाला.

इंदापूरहून
आम्ही टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक बसवलं. धूर गेला, गप्पा ऐकू यायला लागल्या, सासूबाई आता आपणहून येतात. ताईंचा, आईंचा विचार करा. एक मात्र पाळा: बोट महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी धरतं, कार्ब्युरेटर चोंदतो. इंजिन चालू असताना बाजूनं पाण्याची धार पडते, तीही बघा. धार बारीक किंवा तुटक असेल तर थंड करणारा पंप खराब असू शकतो.

पंढरपूरहून
कागद विसरू नका. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळवा, आणि नाव बदलून मिळेल याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.