मदत हवी आहे: कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) नॉर्मल, तरी प्रेडर-विली या जन्मजात जनुकीय आजाराची शंका

बहिणीचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे, सोलापुरात. जन्मापासून अंग सैल, रडणं क्षीण, अंगावर ओढायला ताकदच नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजतो. वृषणंही खाली उतरलेली नाहीत. जन्मताना गुदमरला नव्हता, झटके नाहीत, थायरॉइड ठीक. कॅरिओटाइप नॉर्मल आल्यावर घरचे निर्धास्त झाले (‘काही मुलं उशिरा बाळसं धरतात,’ इति आजी). पण १५ व्या गुणसूत्रावरचा बारीक दोष त्यात निसटतो, डीएनए मिथायलेशन तपासणी (जनुकं चालू आहेत की बंद, हे दाखवणारी) करा, असं बालरोगतज्ज्ञ म्हणतात. बाळाला घेऊन पुणे-मुंबई सध्या जमणार नाही. घरगुती उपाय कृपया सुचवू नका.

सोलापुरातून फक्त रक्ताचा नमुना पाठवून ही तपासणी कुणी केली आहे का? आई-वडिलांचंही रक्त लागलं का, आणि खर्च साधारण किती आला?